तहाला जामीन कोण?

युद्ध पेटलेल्या प्रदेशातून एक बातमी ठरावीक अंतराने येत राहते. एका पक्षाने युद्धबंदीचा प्रस्ताव मांडला आणि दुसऱ्याने तो फेटाळला. मांडणारा स्वतःस शांततावादी म्हणवितो, फेटाळणारा त्यास कावेबाज ठरवितो, आणि काही महिन्यांनी भूमिकांची अदलाबदल होऊन तेच नाटक पुन्हा रंगते. सामान्य वाचक यावरून एकच अनुमान काढतो, की राज्यकर्त्यांना माणसांच्या प्राणांची पर्वा उरलेली नाही. हे अनुमान अगदीच खोटे नाही. पण ते अपुरे आहे. निर्दय राज्यकर्तेदेखील आपला खजिना मोजतात, शिलकी सैन्य मोजतात आणि तोट्याचे युद्ध थांबविण्यात लाभ आहे हे ओळखतात. तरीही ते प्रस्ताव नाकारतात. का नाकारतात, हा प्रश्न नीतीचा जितका आहे तितकाच व्यवहाराचाही आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास पश्चिम आशियात किंवा युरोपात जाण्याचे कारण नाही. खारघरच्या कडेने जाणारा शीव-पनवेल महामार्ग दहा-बारा किलोमीटरवर पनवेलला पोहोचतो आणि तेथून पुण्याची वाट बोरघाटाकडे वळते. रोज हजारो नोकरदार या परिसरातून जा-ये करतात. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात पनवेल ते बोरघाट याच पट्ट्यातून इंग्रजांच्या दोन फौजा पुण्याच्या रोखाने चढल्या आणि दोन्ही अपयश घेऊन परतल्या. १७७५ ते १७८२ या काळात चाललेल्या त्या युद्धात एक तह मोडला गेला, दुसरा नाकारला गेला, नंतरचे प्रस्ताव फेटाळले गेले, आणि मगच एक तह टिकला. युद्धबंदी का नाकारली जाते, हे समजावून घेण्यास याहून जवळचे आणि याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

सही कोणाची?

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला. पेशवाईवर हक्क सांगणारे रघुनाथराव पुढे बारभाईंच्या विरोधामुळे इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. साष्टी व वसई यांच्या बदल्यात इंग्रजांनी त्यांना फौज द्यावयाची, असा तो सौदा होता. परंतु १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध आणि तह यांबाबत मुंबईवर देखरेख करण्याचा अधिकार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व त्याच्या कौन्सिलाकडे गेला होता. कलकत्त्याने मुंबईचा तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. साष्टी इंग्रजांकडे राहावी, सुरतेचा तह रद्द व्हावा आणि रघुनाथरावांनी तनखा घेऊन कोपरगावी राहावे, हा त्याचा गाभा होता.

हा तह पाळला गेला असता तर युद्ध एका वर्षात संपले असते. पण सही कलकत्त्याची होती आणि अंमल मुंबईने करावयाचा होता. मुंबईने रघुनाथरावांस आश्रय देणे सोडले नाही. तिकडे लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहास अनुकूलता दर्शविली आणि मुंबईस बळ चढले. पुण्याच्या दरबारात फ्रेंच वकील सेंट ल्युबिन याचे स्वागत झाल्याने इंग्रजांचा संशयही वाढला. उभय पक्षी अविश्वासाला पुरेसे खाद्य मिळाले आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज पनवेलला उतरली.

तिचे पुढे काय झाले हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. घाट चढून, कार्ल्यावरून ही फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावास पोहोचली तेव्हा गाव जळालेले होते. शत्रूस दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते जाळले होते. फौज मागे फिरली, वडगावास कोंडली गेली आणि १६ जानेवारीस इंग्रजांच्या समितीने शरणागतीचा तह केला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यावा आणि बंगालहून येणारी फौज माघारी फिरवावी, अशी कलमे त्यात होती. समितीस असा तह करण्याचा पूर्ण अधिकार नाही, ही गोष्ट वाटाघाटींतही निघाली होती. फौज सुखरूप मुंबईस पोहोचल्यावर मुंबईने व नंतर कलकत्त्याने तह नाकारला. सही करणाऱ्यांना कंपनीच्या सेवेतून काढून टाकण्यात आले आणि युद्ध पुढे चालू झाले.

म्हणजे एकदा कलकत्त्याने केलेला तह मुंबईने मोडला आणि दुसऱ्यांदा मुंबईच्या समितीने केलेला तह मुंबई व कलकत्ता या दोघांनीही झिडकारला. हे ध्यानात घेतले म्हणजे तिसऱ्या वेळी जे घडले त्याचा अर्थ लागतो. १७८० च्या जुलैमध्ये हैदर अली कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात त्याने कर्नल बेली याच्या तुकडीचा पुरता नाश केला. दोन आघाड्या एकाच वेळी लढविणे हेस्टिंग्जला परवडणारे नव्हते. त्याने नागपूरकर भोसल्यांच्या मार्फत तहाची बोलणी सुरू केली. डिसेंबरात वसई जिंकून जनरल गॉडर्ड फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाटावर येऊन बसला आणि तेथून त्यानेही पुण्यास प्रस्ताव धाडले. नाना फडणविसांनी ते फेटाळले. हैदर अलीस वगळून कोणताही तह होणार नाही, हे त्यांचे उत्तर होते.

नानांना युद्धाची हौस होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या पक्षाची सही दोन वेळा खोटी ठरली, त्याची तिसरी सही कोणत्या आधारावर घ्यावी? शिवाय इंग्रजांना तहाची घाई का झाली आहे, हेही पुण्यास दिसत होते. मद्रासेकडील संकट टळल्यावर हीच फौज पुन्हा घाट चढणार नाही, याची हमी कोण देणार? प्रस्ताव जितका आग्रहाने यावा तितका तो दुबळेपणाचा पुरावा ठरावा, ही युद्धातील विचित्र गती आहे. एप्रिलमध्ये गॉडर्डला घाट सोडावा लागला. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याला पनवेलपर्यंत सतत झोडपले आणि त्या माघारीत त्याची साडेचारशेच्या आसपास माणसे मारली गेली वा जखमी झाली.

पतपेढीचा नियम

पगारदार नोकरांच्या पतपेढीत कर्ज मागावयास गेलेल्या कारकुनास दोन जामीनदार आणावे लागतात. तो अप्रामाणिक आहे असे पतपेढी मानत नाही. पैसे हाती पडल्यावर परिस्थिती बदलते आणि बदललेल्या परिस्थितीत दिलेला शब्द पाळणे प्रत्येकास जमतेच असे नाही, एवढेच तिला ठाऊक असते. युद्धबंदी हा असाच उधारीचा व्यवहार आहे. आज एका पक्षाने शस्त्र खाली ठेवावयाचे आणि त्याचा मोबदला, म्हणजे दुसऱ्याने उद्याही शस्त्र न उचलणे, पुढे कधीतरी मिळावयाचा. घरगुती कर्ज बुडाले तर न्यायालय असते. राष्ट्रांमधील कर्ज बुडाले तर त्याची वसुली करणारे न्यायालय नाही.

अलीकडच्या अभ्यासकांनी हीच गोष्ट आपल्या परिभाषेत मांडली आहे. ऑस्ट्रेलियन इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले, की परस्परांच्या बळाविषयी दोन्ही पक्षांचे एकमत झाले म्हणजे युद्ध थांबते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरॉन यांनी १९९५ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. बळाविषयी एकमत झाले तरी दिलेला शब्द उद्या पाळला जाईल याची खात्री नसेल, तर दोघांनाही फायद्याचा असलेला तह होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. पहिले कारण अज्ञानाचे आहे, ते रणांगणावर हळूहळू दूर होते. दुसरे कारण अविश्वासाचे आहे, ते रणांगणावर दूर होत नाही. उलट वाढत जाते.

इराण-इराक युद्धाने याची भयंकर साक्ष दिली. मे १९८२ मध्ये इराणने खुर्रमशहर परत जिंकले. त्यानंतर इराकने युद्धबंदीची तयारी दाखविली आणि इराणी भूमीवरून सैन्य मागे घेतले. इराणने प्रस्ताव नाकारला. सद्दाम हुसेन सत्तेवर असेपर्यंत ही युद्धबंदी म्हणजे पुन्हा हल्ला करण्यासाठी घेतलेली उसंत होय, असा त्याचा हिशेब होता आणि विजय हाताशी आला आहे असा विश्वासही होता. सहा वर्षे गेली. सुरक्षा परिषदेने जुलै १९८७ मध्ये केलेला ५९८ क्रमांकाचा ठराव इराणने १८ जुलै १९८८ रोजी स्वीकारला, आणि आयातुल्ला खोमेनींनी त्या स्वीकाराला विष पिण्याची उपमा दिली. २० ऑगस्टला तोफा थांबल्या तेव्हा सरहद्द जवळजवळ तेथेच होती जेथे ती युद्धापूर्वी होती.

निर्णय एकाचा, भरणा दुसऱ्याचा

अविश्वास हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. युद्ध चालू ठेवण्याचा निर्णय जो घेतो, त्याच्या खिशातून त्याचा खर्च क्वचितच जातो. मुंबई इलाख्याचा खर्च त्या काळी उत्पन्नातून भागत नसे आणि तूट बंगालच्या खजिन्यातून भरून निघे. रघुनाथरावांस गादीवर बसविण्याचा बेत मुंबईच्या कौन्सिलाने करावा आणि त्याची किंमत १७७० च्या दुष्काळाने पिचलेल्या बंगालच्या रयतेने भरावी, असा तो हिशेब होता. पुण्याकडेही चित्र फारसे निराळे नव्हते. तळेगाव जाळण्याची युक्ती लष्करी दृष्ट्या यशस्वी ठरली, परंतु जळालेली घरे मराठ्यांच्याच रयतेची होती. पनवेल आणि घाटाखालच्या गावांनी दोन वेळा परकी फौज जाताना पाहिली आणि दोन वेळा ती पाठलागासह परतताना पाहिली. त्यांना तहाविषयी कोणी विचारले नाही.

तिसरे कारण मानवी स्वभावाचे आहे. बुडालेला खर्च परत येत नाही, म्हणून पुढील निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकविले जाते. राज्यकर्त्यास ते शिकविणे कठीण आहे. इतकी माणसे गमावल्यावर आहे तेथेच थांबलो तर त्यांच्या कुटुंबीयांस काय सांगावयाचे, हा प्रश्न त्याला छळतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो आणखी माणसे गमावतो. तोंडाने तो हुतात्म्यांचे नाव घेतो. मनात पुढच्या निवडणुकीचे वा स्वतःच्या गादीचे भय असते.

नकार नेहमीच दुराग्रह नसतो

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. प्रत्येक नकार निंद्य मानला तर आक्रमकाचे काम सोपे होते. त्याने मुलूख बळकवावा आणि लगेच शांततेचा पुकारा करावा, की बळकावलेले पदरात पडले. १९७१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी तात्काळ युद्धबंदीची मागणी केली. भारताने ती लगेच मानली नाही. ती मानली असती तर पूर्व बंगालमधील लक्षावधी निर्वासितांचा प्रश्न तसाच राहिला असता. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरला झाली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवर आपण होऊन युद्धबंदी केली. नकाराला स्पष्ट व मर्यादित उद्दिष्ट होते आणि ते साधताच नकार संपला, यात त्याचे समर्थन आहे.

हीच कसोटी नानांच्या १७८१ मधील नकारास लावली तर तो बहुतांशी उतरतो. त्या वेळी वसई इंग्रजांच्या हाती होती. घाटमाथ्यावरून आलेला प्रस्ताव स्वीकारला असता तर ती परत मिळालीच असती असे सांगता येत नाही. सालबाईच्या तहाने ती मिळाली. म्हणून नकार दिला गेला एवढ्यावरून दोष देता येत नाही. नकार देणाऱ्याने काय मिळाल्यावर थांबू हे सांगितले आहे काय, आणि ते मिळाल्यावर तो थांबला काय, हे पाहिले पाहिजे. ज्या नकाराची अट दर महिन्यास वाढत जाते, तो नकार युद्धाच्या उद्दिष्टासाठी नसून युद्धासाठीच असतो.

जामिनाची किंमत

सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. पुरंदरच्या तहानंतर घेतलेली वसई व इतर मुलूख मराठ्यांस परत मिळाला. रघुनाथरावांस दरमहा २५,००० रुपयांचा तनखा ठरला आणि त्यांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. ही कलमे पुरंदरच्या कलमांशेजारी ठेवून पाहावीत. साष्टी इकडे, वसई तिकडे, रघुनाथराव तनख्यावर. सहा वर्षे लढून दोन्ही पक्ष मुख्यत्वे जेथून निघाले होते तेथेच आले. मग १७७६ मध्ये न टिकलेला तह १७८२ मध्ये का टिकला?

एक नवे कलम त्यात होते. महादजी शिंदे उभय पक्षांचे जामीन राहिले. जो तह मोडील त्याच्यावर ते दुसऱ्याच्या बाजूने चालून जातील, असे ठरले. महादजींनी हे केवळ परोपकाराने केले नाही. भडोच त्यांना मिळाले आणि उत्तरेत हात मोकळे झाले. त्यांच्या जामिनकीला वजन होते ते याचमुळे. जामीन पत असलेला हवा, बळ असलेला हवा आणि तह टिकण्यात त्याचा स्वतःचा लाभ हवा. सद्भावनेचे पत्रक काढणारा जामीन होऊ शकत नाही.

तरीही नानांनी तहावर शिक्कामोर्तब करण्यास २० डिसेंबर १७८२ पर्यंत वेळ लावला. ७ डिसेंबरला हैदर अली वारला आणि दोन आठवड्यांच्या आत नानांची मान्यता गेली. मित्राच्या बळावर चाललेली घासाघीस मित्राबरोबर संपली. हैदरला न विचारता त्याच्यावर कलमे लादणाऱ्या या तहाला दक्षिणेत कोणी जामीन नव्हता. तेथे टिपूचे युद्ध मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहापर्यंत चालू राहिले.

विसाव्या शतकात कोरियाने हाच धडा दिला आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. तेथे बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली व जुलै १९५३ मध्ये संपली. दोन वर्षांतील मोठा काळ एकाच प्रश्नावर गेला. मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावयाचे? कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने भारताने मांडलेली योजना आमसभेने डिसेंबर १९५२ मध्ये मंजूर केली, तेव्हा चीन व उत्तर कोरिया यांनी ती धुडकावली. पुढे सहा महिन्यांत तिचाच आशय मान्य झाला. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. पण कैदी तिसऱ्याच्या ताब्यात देण्यास दोघे तयार झाले. जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखालील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाने आणि मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या हाताखालील भारतीय फौजेने सुमारे २३,००० कैद्यांचा सांभाळ केला. मराठी मातीतला एक सेनानी परक्या देशातील तहाला प्रत्यक्ष जामीन राहिला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यावयास हवी.

जामीन प्रत्येक वेळी तिऱ्हाईतच असावा लागतो असे नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चार दिवसांत, १० मे रोजी थांबला. तो दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांच्या थेट संभाषणातून थांबला असे भारताने सांगितले. अमेरिकेने मध्यस्थीचे श्रेय घेतले आणि भारताने ते मान्य केले नाही. श्रेयाचा वाद बाजूस ठेवला तरी दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. दोघांच्या सेनाधिकाऱ्यांना जोडणारी थेट तार आधीपासून होती आणि दोघांनाही पुढच्या पायरीचे भय होते. परस्परांचे भय हाही एक जामीन आहे. फक्त तो महाग आहे, आणि एखाद्या दिवशी चुकला तर भरपाई करण्यास कोणी उरत नाही.

या सर्वाचा खारघरच्या शिक्षकाशी वा कारकुनाशी काय संबंध, असे विचारले जाईल. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग परदेशातून येतो. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा शेव्याहून युरोपला जाणाऱ्या मालाला आफ्रिकेचा वळसा पडला. भाडे वाढले आणि विमाही वाढला. दूरच्या फेटाळलेल्या प्रस्तावाचे बिल वाणसामानाच्या यादीतून घरोघर येते. निर्णय एकाचा आणि भरणा दुसऱ्याचा, हा जुना नियम अजून चालू आहे.

म्हणून पुढच्या वेळी प्रस्ताव फेटाळल्याची बातमी आली, तर दोष कोणाचा हे विचारून थांबू नये. सही करणाऱ्यास अंमल करण्याचा अधिकार आहे काय? नाकारणाऱ्याने आपली अट सांगितली आहे काय? आणि जामीन कोण राहणार? विशेषतः बाहेरची जी राष्ट्रे शांततेची आवाहने करतात, त्यांना हा शेवटचा प्रश्न विचारला पाहिजे. कोरियात भारताने आपले जवान पाठवून उत्तर दिले होते. ज्यांना शस्त्रे विकता येतात, त्यांना जामीन राहता येत नाही असे नाही. त्यांची इच्छा नसते.

महादजी १७९४ मध्ये वारले आणि नाना १८०० मध्ये. १८०२ च्या ३१ डिसेंबरला रघुनाथरावांच्याच पुत्राने, दुसऱ्या बाजीरावाने, वसईस इंग्रजांशी तह केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा युद्ध पेटले. सालबाईची शांतता वीस वर्षे टिकली होती. ती मोडली तेव्हा तिचा कागद शाबूत होता. जामीन उरला नव्हता.